अनोळखी माणसाचे मानसशास्त्र

मी मराठीचा शिक्षक आहे. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या एका सहकारी प्राध्यापकांनी व्यक्तिमत्त्वमापनाची एक इंग्रजी प्रश्नावली माझ्या हाती दिली आणि ती ग्रामीण विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना कळेल अशा मराठीत उतरवून द्या, असे सांगितले. वाक्ये अगदी साधी होती. मी बोलका आहे. मी गप्प राहतो. मी कामे आधी ठरवून करतो. मला सतत काळजी वाटते. मला कलेची आवड आहे. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकटी : अगदी असहमत, असहमत, सांगता येत नाही, सहमत, अगदी सहमत. दोन संध्याकाळी बसलो तर काम संपेल असे वाटले होते. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जे वाचले आणि जे समोर आले, त्याचा हा हिशेब आहे.

पहिला मसुदा मी माझ्या आईवर वापरून पाहिला. आई शाळेत गेलेली नाही. उभे आयुष्य दुसऱ्यांच्या रानात खुरपणी आणि वेचणी करण्यात गेले. मी वाक्य वाचायचे, तिने सांगायचे, मी खूण करायची. 'मी बोलकी आहे.' आई म्हणाली, "हाय की." दहा वाक्यांनंतर 'मी गप्प राहते' आले. पुन्हा "हाय की." मी थांबलो. म्हटले, दोन्ही कसे असेल? ती म्हणाली, "घरी बोलते. मालकाच्या बांधावर कशाला बोलू?" 'मी कामे आधी ठरवून करते' या वाक्याला ती हसली. "कुणाच्या रानात जायचं ते मुकादम रातच्याला सांगतो. म्या काय ठरवू?" कलेच्या आवडीला तिने सरळ नाही म्हटले, आपल्याला कशाची आलीय कला! तिच्या आईकडून आलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या तिला आजही पाठ आहेत आणि एखादी अडली तर ती स्वतः जुळवून घेते, हे त्या चौकटीत कुठे लिहावे ते मला कळेना. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "तुला कोणतं बरं पडतंय ते लिही, बाबा."

नियमाप्रमाणे मी गुण काढले. अशा प्रश्नावलीत काही वाक्ये मुद्दाम उलटी घातलेली असतात आणि त्यांचे गुणही उलटे मोजतात. दोन्ही बाजूंना 'होय' म्हणणाऱ्याचे होकार एकमेकांना छेदतात आणि बेरीज मधोमध येते. आई जवळजवळ सर्वच बाबतींत 'मध्यम' निघाली. माझ्या आईला ओळखणारा एकही माणूस तिला कोणत्याही बाबतीत मध्यम म्हणणार नाही.

हा घरगुती विनोद म्हणून सोडून देता आला असता. पण या मापनावर आज जगभर माणसे नोकरीला घेतली जातात, नाकारली जातात, संशोधने होतात आणि आपल्या विद्यापीठांतून शोधप्रबंधही लिहिले जातात. तेव्हा हे शास्त्र काय म्हणते, कुठून आले आणि किती खरे आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी व विद्यार्थ्यांनी नीट पाहिले पाहिजे. नुसते 'हे सारे पाश्चात्त्य भांडवली शास्त्र आहे' म्हणून झटकून टाकणे हा आळस आहे, आणि तो आपल्याला परवडणारा नाही.

आज सर्वांत मान्यता असलेली मांडणी पाच गुणविशेषांची आहे. बहिर्मुखता, म्हणजे माणसांत मिसळण्याचा उत्साह. मनमिळाऊपणा. काटेकोरपणा, म्हणजे नेटाने आणि शिस्तीने काम तडीस नेणे. भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंता, चिडचिड, खिन्नता यांकडे असलेला कल. आणि नव्या अनुभवांविषयी, कल्पनांविषयी, कलेविषयी खुलेपणा. प्रत्येक माणूस या पाचही रेषांवर कुठेतरी असतो. बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये यासाठी एक चाचणी प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती काढली. तीत २४० वाक्ये आहेत आणि प्रत्येक गुणविशेषाचे सहा याप्रमाणे तीस पोटभाग आहेत. आता प्रश्न असा की पाचच का? चार किंवा नऊ का नाहीत? हे पाच कोणी प्रयोगशाळेत मेंदू उघडून पाहिले नाहीत. ते शब्दकोशातून आले. आणि शब्दकोश म्हटला की मराठीच्या शिक्षकाला त्यात तोंड घालण्याचा अधिकार आहे असे मी मानतो.

कल्पना अशी : माणसामाणसांतला जो फरक जगण्याला महत्त्वाचा असतो, त्याला भाषा आज ना उद्या शब्द देते. म्हणून स्वभावाची सारी विशेषणे गोळा करा, लोकांना ती स्वतःला वा एकमेकांना लावायला सांगा आणि कोणती विशेषणे एकत्र येतात ते गणिताने पाहा. जो 'बोलका' असतो तोच बहुधा 'धीट' आणि 'उत्साही'ही म्हटला जातो. मग या तिन्हींमागे एकच काहीतरी आहे असे धरायचे. याला घटक-विश्लेषण म्हणतात. शब्दांवर ही नजर पहिल्यांदा टाकली ती फ्रान्सिस गाल्टनने. १८८४ मध्ये त्याने रोजेच्या शब्दसंग्रहातून स्वभावदर्शक असे सुमारे हजार शब्द असावेत असा अंदाज केला. पुढे १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी वेबस्टरचा कोश चाळून १७,९५३ शब्द वेचले. रेमंड कॅटेलने ती यादी गाळून गाळून आटोक्यात आणली. १९६१ मध्ये ट्युप्स आणि क्रिस्टल या अमेरिकन हवाई दलातील संशोधकांना त्या आटलेल्या यादीत पुन्हा पुन्हा पाच घटक सापडले. 'बिग फाइव्ह' हे नाव लुईस गोल्डबर्ग यांनी १९८१ मध्ये दिले.

या कहाणीत एक आकडा आहे. तो पाठ्यपुस्तकांत सहसा ओझरता येतो, पण मला त्यावर थांबावेसे वाटते. ऑलपोर्ट-ओडबर्ट यांनी आपल्या १७,९५३ शब्दांचे चार ढीग केले. स्थिर स्वभाव सांगणारे शब्द ४,५०४. तात्पुरत्या मनःस्थितीचे ४,५४१. किरकोळ, संदिग्ध वा आलंकारिक असे ३,६८२. आणि उरलेला ढीग, चारांत सर्वांत मोठा, ५,२२६ शब्दांचा : ज्या शब्दांत माणसाचे वर्णन नसून समाजाने त्याच्यावर दिलेला निवाडा आहे. म्हणजे भाषेत माणसाविषयी जे शब्द साठतात त्यांत सर्वांत मोठा वाटा वर्णनाचा नाही, न्यायदानाचा आहे. हे त्या दोघांनी प्रामाणिकपणे वेगळे काढले, बाजूला ठेवले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. पण निवाड्याचे शब्द आणि वर्णनाचे शब्द असे खरोखर वेगळे करता येतात का? निदान आपल्या भाषेत?

प्रश्नावली उतरवताना मी स्वभावदर्शक मराठी विशेषणांची वही घातली होती. चांगल्या माणसासाठी आपण काय म्हणतो? कुलीन. घरंदाज. खानदानी. सुसंस्कृत. सोज्वळ. सात्त्विक. यांतले पहिले तीन शब्द तर सरळ जन्माचे शब्द आहेत. ते स्वभावाचे म्हणून चलनात आले इतकेच. 'सात्त्विक' शब्दामागे सत्त्व-रज-तमाची सारी उतरंड उभी आहे. वाईट माणसासाठी काय म्हणतो? चांडाळ. आणि पुढचे मी येथे लिहीत नाही, कारण वाचकांपैकी बहुतेकांनी ते शाळेच्या वाटेवर ऐकलेले आहेत : आपल्या जातींची नावे, शेवटी एक तुच्छतेचा प्रत्यय लावून. भाषा महत्त्वाचे ते साठवते हे तत्त्व मला मान्य आहे. मग या भाषेने काय महत्त्वाचे मानून साठवले तेही मान्य करावे लागेल. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. शब्द गोळा करून देणारी आणि अर्थ सांगणारी मंडळी शास्त्री होती. त्या कोशाचे ऋण मी रोज मानतो. पण त्यातून स्वभावाचे शब्द वेचून कुणी मराठी माणसाचे घटक काढले, तर निघणारा पहिला घटक स्वभावाचा असेल की वर्णाचा, याची मला खात्री देता येत नाही.

इंग्रजीही यातून सुटलेली नाही. दुष्ट माणसाला ते 'व्हिलन' म्हणतात. तो मुळात जमीनदाराच्या रानात बांधलेला कुळवाडी, वेठबिगार. उदार माणसाला ते 'जेनेरस' म्हणतात. त्याचे लॅटिन मूळ उच्च कुळात जन्मलेला असे आहे. ज्याच्या हाती शब्दकोश त्याने राबणाऱ्याला खलनायक केले, ही फक्त आपल्याच मुलुखातली गोष्ट नाही.

आता या वंशावळीतील दोन पूर्वजांविषयी बोलले पाहिजे. गाल्टनने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडवला : श्रेष्ठ माणसांची वीण वाढवावी, हीनांची रोखावी, असे ते सुप्रजननशास्त्र. कॅटेलने १९३७ मध्ये राष्ट्राची बुद्धिमत्ता घसरते आहे, कारण कमी बुद्धीचे लोक अधिक मुले जन्माला घालतात, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले आणि सुप्रजननाचा विचार त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. १९९७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रतिष्ठानाने त्याला जीवनगौरव सुवर्णपदक जाहीर केले. आक्षेप उठले, पदकप्रदान पुढे ढकलावे लागले, शेवटी त्यानेच ते नाकारले आणि पुढल्या वर्षी तो वारला. बाप वाईट म्हणून पोर वाईट, हा तर्क मी करणार नाही. तो तर्क मनूचा आहे. पण माणसाचा गुण मोजण्याची हाव आणि माणसाची प्रतवारी लावण्याची हाव या एकाच घरात वाढल्या, हे विसरून चालणार नाही.

आपल्याला त्या घराची ओळख नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पोर पाळण्यात असतानाच त्याचा स्वभाव ठरवला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले आणि शिक्का अजून पुसलेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले ते त्याच शिक्क्याखालून. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची लष्करभरती थांबवली, कारण काही जाती 'लढवय्या' आणि काही नाहीत असे तेव्हाचे लष्करी मानसशास्त्र सांगत होते. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. सरकारला गरज पडली तेव्हा पहिल्या महायुद्धात तीच माणसे लढवय्या ठरली, युद्ध संपल्यावर पलटण मोडली गेली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. स्वभाव तोच, गरज बदलली की मोजमाप बदलले.

'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी गुणकर्मावर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचा समाचार घेतला आहे. जन्म नको, गुण पाहून वर्ण ठरवू, असे म्हणणाऱ्या सुधारकांना त्यांनी प्लेटोचे उदाहरण दिले. प्लेटोने माणसे तीन वर्गांत वाटली. त्याच्यावरचा मुख्य आक्षेप हाच की मूठभर कप्प्यांत माणसे बसवणे म्हणजे माणसाकडे आणि त्याच्या शक्तींकडे अगदी वरवर पाहणे होय. गीता चातुर्वर्ण्याला उपजत गुणांचा तात्त्विक आधार देते, हेही त्यांनी अन्यत्र दाखवून दिले. ही टीका वाचून मी पाच गुणविशेषांवर उडी घालणार होतो, पण थांबावे लागले. कारण येथे न्याय केला पाहिजे. पाच रेषांची ही मांडणी कप्प्यांची नाही. ती तुम्हाला क्षत्रिय ठरवत नाही, वैश्य ठरवत नाही. पाच रेषांवर पाच जागा दाखवते, आणि त्या जागांचे मेळ असंख्य होतात. प्रत्येक माणूस वेगळा, हे बाबासाहेबांचे म्हणणे या मांडणीत कप्पेवाल्यांपेक्षा कितीतरी अधिक बसते. कप्पे आजही विकले जातात, ते वेगळ्या दुकानांत. माणसांचे सोळा प्रकार पाडणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी कंपन्यांत चालते. १९९८ मध्ये डेव्हिड वुल्फ यांनी सत्त्व-रज-तम मोजणारी 'वेदिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी' काढली आणि ती भारतीय मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली. गुणकर्म आता पाच चौकटींच्या कागदावर अवतरले! तालुक्याच्या गावी 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिरे भरतात ती निराळीच. तेथे व्यक्तिमत्त्व म्हणजे टाय, इंग्रजी आणि हस्तांदोलन.

बाबासाहेबांची आणखी एक गोष्ट मला अधिक मार्गदर्शक वाटते. रिस्लेने नाके मोजून वंश आणि जात यांची सांगड घातली होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये ती मोजपट्टी फेकून दिली नाही. घुर्ये यांनी मांडलेले नासिका-मापनाचे आकडेच त्यांनी हाती घेतले आणि दाखवले की याच आकड्यांनी पाहिले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. तेव्हा अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही. मापनाशी कसे वागावे याचा हा वस्तुपाठ आहे. मोजपट्टीवर रागावू नका. ती तिच्याच नियमांनी तपासा.

तिच्याच नियमांनी तपासली तर काय दिसते? कोणतीही चाचणी दोन कसोट्यांना उतरावी लागते. पुन्हा मोजले तर तेच माप यावे, ही विश्वसनीयता. जे मोजतो म्हणतो तेच मोजावे, ही यथार्थता. पाच गुणविशेष सार्वत्रिक आहेत असे सांगताना मॅक्रे आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचा २००५ चा पन्नास संस्कृतींचा अभ्यास पुढे केला जातो. त्यातील ११,९८५ उत्तरे देणारे कोण होते? महाविद्यालयीन विद्यार्थी. जगातल्या पन्नास ठिकाणचे, पण विद्यार्थीच. २०१० मध्ये हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन या तिघांनी मानसशास्त्राला हाच आरसा दाखवला : माणूस म्हणून ज्याचा अभ्यास होतो तो पाश्चात्त्य, शिकलेला, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही देशातला माणूस आहे, आणि तो मानवजातीचा नमुना नसून अपवाद आहे.

मग कुणीतरी विद्यार्थ्यांना सोडून इतरांकडे गेले. बोलिव्हियातील चिमाने नावाच्या आदिवासी समाजात, जेथे लोक शिकार, मासेमारी आणि थोडी शेती यांवर जगतात, मायकेल गर्वेन आणि सहकाऱ्यांनी ६३२ प्रौढांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारले. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले : पाच घटक सापडले नाहीत. त्याऐवजी दोन मोठे घटक पुढे आले : इतरांशी मिळून वागणे आणि कष्टाळूपणा. हे वाचले तेव्हा मला आमच्या वस्तीतली सोयरिकीची बोलणी आठवली. पोरगा कसा आहे? कामाला वाघ आहे. माणसांत आहे. तिसरा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. अर्थात यावरून आपल्या वस्तीचेही घटक दोनच, असे मी म्हणणार नाही. मोजल्याविना बोलणे हा दोष मी दुसऱ्यांना लावतो आहे.

आणि माझ्या आईचे 'हाय की'? ते एकटीचे नव्हते. २०१९ मध्ये लाजाज, मॅकूर्स आणि इतर संशोधकांनी 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या २३ देशांतील, घरोघर जाऊन समोरासमोर विचारलेली, ९४,७५१ लोकांची उत्तरे त्यांनी तपासली. नेहमीची प्रश्नावली तेथे जे मोजते म्हणते ते मोजत नव्हती. एकाच गुणविशेषाची म्हणून घातलेली वाक्ये एकत्र येत नव्हती. संगणकावर आपणहून चाचणी देणाऱ्यांत मात्र तीच वाक्ये नीट जुळत होती. अनेक कारणांपैकी त्यांनी दाखवलेले एक कारण म्हणजे होकाराची सवय : विचारणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला, उलट वाक्यालाही, 'होय' म्हणणे.

शास्त्र याला प्रतिसादातील दोष म्हणते आणि तो गणिताने दुरुस्त करते. गणित दुरुस्त करील. पण हा होकार कुठून येतो ते पाहायला नको का? हातात कागद आणि पेन घेऊन दारात आलेला माणूस आमच्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो रेशनकार्डाचा असेल, दारिद्र्यरेषेच्या यादीचा असेल, नाहीतर पोलीस चौकीतला. त्याला नाही म्हणण्याची किंमत असते. समोर स्वतःचा मुलगा बसलेला असतानाही आई मला नव्हे, त्या कागदाला होकार देत होती. त्या होकारात तिचा स्वभाव किती आणि तिचा अनुभव किती? वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये हाच काटा मानसशास्त्राला टोचला होता : गुणविशेषांचे माप आणि प्रत्यक्ष प्रसंगातील वागणूक यांचा सहसंबंध सामान्यतः ०.३० च्या पलीकडे जात नाही. म्हणजे वागणुकीतील फरकाचा नववा हिस्सा नव्हे, शंभरातले नऊ भागच त्यातून कळतात. यावर पुढे पुष्कळ वाद झाला. एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांची सरासरी घेतली तर स्वभाव स्पष्ट दिसतो हे प्रतिपक्षाने दाखवले, आणि ते मला पटते. माणसाला स्वभाव असतोच. माझी आई बांधावर गप्प आणि घरी बोलकी, हाही एक स्थिर नमुनाच आहे. तो दोन 'सहमत' मिळून शून्य होत नाही.

आनुवंशिकतेविषयी एक इशारा देऊन ठेवतो, कारण त्याचा दुरुपयोग होणार. जुळ्यांच्या अभ्यासांवरून गुणविशेषांतील फरकांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक मानला जातो. हा आकडा ज्या लोकसमूहात मोजला त्यातल्या व्यक्तीव्यक्तींमधल्या फरकांचा आहे. दोन समूहांमधल्या फरकाविषयी तो काहीच सांगत नाही. एकाच पोत्यातले बी अर्धे काळ्या रानात आणि अर्धे मुरमाड रानात पेरले, तर कोणत्याही एका रानातली ताटे लहानमोठी होण्यात बियाण्याचा हात असेल. पण दोन रानांतल्या पिकाचा फरक रानाचा आहे, बियाण्याचा नव्हे.

मापनाचे नाव घेऊन काहीच न मोजणारे प्रकारही आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील मुलाखतीचे अधिकृत नाव 'व्यक्तिमत्त्व चाचणी' असे आहे. लेखी परीक्षेचे १,७५० गुण, हिचे २७५. तेथे वर सांगितलेल्या अर्थाची कोणतीही प्रश्नावली नसते, मंडळापुढे संभाषण असते. आपले विद्यार्थी त्या दारापर्यंत पोचू लागले आहेत. ज्याला व्यक्तिमत्त्व म्हणून गुण मिळतात ते नेमके काय, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि तो प्रश्न मानसशास्त्राच्याच भाषेत विचारता येतो : याची विश्वसनीयता किती, यथार्थता किती?

पुन्हा माझ्या कागदाकडे येतो. सर्वांत छळले ते मनमिळाऊपणाने. इंग्रजी शब्दात मायाळूपणा आहे, विश्वास आहे, नमते घेणेही आहे. मराठीत शोधू लागलो तर हाती आले : सोशिक, भिडस्त, गरीब स्वभावाचा, वळणाचा, मर्यादा पाळणारा. यांतला प्रत्येक शब्द आमच्या आजोबांना कौतुकाने लावलेला होता, आणि लावणारा ओट्यावर बसलेला होता. 'मी कुणाशी वाद घालत नाही' या वाक्यापुढे १९७२ मध्ये दलित पँथरच्या पोरांनी कोणती चौकट निवडली असती? त्यांचे गुण कमी आले असते. चाचणी करणारे म्हणतात, कमी गुण म्हणजे दोष नव्हे. शास्त्रात नसेल, नोकरीच्या अर्जावर असतो. तसेच चिंतेचे. शहरात खोली भाड्याने शोधताना आडनाव सांगावे की न सांगावे या विचाराने ज्याची रात्र जाते, त्याने 'मला सतत काळजी वाटते' यापुढे खूण केली तर ती भावनिक अस्थिरतेची खूण झाली. त्या चौकटीत घरमालक नाही.

खुलेपणाच्या एका प्रसिद्ध, सर्वांना मोफत खुल्या असलेल्या वाक्यसंचात 'माझी शब्दसंपत्ती मोठी आहे' अशा आशयाचे वाक्य आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गाणाऱ्यांपैकी कितीजणींनी या वाक्याला 'सहमत' म्हटले असते?

१९९२ मध्ये डॅन मॅकअॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पाच गुणविशेषांच्या मांडणीवर टीका करताना एक मार्मिक गोष्ट सांगितली. तिला त्याने अनोळखी माणसाचे मानसशास्त्र म्हटले. ज्याच्याविषयी काहीच माहीत नाही त्याच्याबद्दल पहिल्या भेटीत जेवढे कळावेसे वाटते, तेवढे हे पाच गुण सांगतात. बोलका आहे का, विश्वासू आहे का, तापट आहे का. पण ओळख वाढली की आपण दुसरेच विचारू लागतो : याला काय हवे आहे, कशाची भीती आहे, आणि हा आपल्या आयुष्याची कोणती गोष्ट स्वतःला सांगतो? मॅकअॅडम्सच्या मते गुणविशेष ही पहिली पायरी. माणसाची जीवनकथा ही त्यापुढची, आणि तिच्याशिवाय माणूस कळत नाही.

हे वाचताना मला 'बलुतं' आठवल्याशिवाय राहिले नाही. १९७८ च्या त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकणारा असतो दया पवार. नाव एकाच माणसाचे, पण माणसे दोन. प्रश्नावली कुणी भरायची? 'मी' म्हणून दगडूने खूण करायची की दयाने? प्रश्नावलीतला 'मी' एकसंध आहे, तो स्वतःला ठाऊक आहे आणि त्याला कुणी विचारल्यावर सत्य सांगण्याची मुभा आहे. दलित आत्मकथनांतला 'मी' या तिन्ही गोष्टी मिळवण्यासाठी झगडतो. शांताबाई कांबळ्यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' घ्या, 'उपरा' घ्या, 'आयदान' घ्या. येथे 'मी अशी आहे' हे पहिले वाक्य नसते. ते वाक्य लिहिता यावे म्हणून सारे पुस्तक लिहिलेले असते. प्रस्थापित समीक्षेने या पुस्तकांना समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणून बाजूला बसवले. माझे म्हणणे असे की ते मानसशास्त्राचे दस्तऐवज आहेत आणि मानसशास्त्र विभागांनी ते वाचलेले नाहीत.

प्रश्नावलीचे मराठी रूप मी शेवटी करून दिले. सहकाऱ्यांना मी तीन गोष्टी सुचवल्या : विचारणारा वस्तीतलाच असावा, प्रत्येक वाक्यात 'घरी' आणि 'कामावर' असे दोन रकाने असावेत, आणि उत्तर देणारा जे बोलतो ते समासात लिहून घ्यावे. पहिली त्यांनी मान्य केली. दुसऱ्या दोन केल्या तर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या शास्त्राच्या दृष्टीने ते चुकीचे बोलत नव्हते.

दरम्यान माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांबरोबर एक दुसरे काम सुरू केले आहे. कोशातून नव्हे, घरातून शब्द गोळा करायचे : तुझी आजी माणसाला काय म्हणून ओळखते? आतापर्यंत वहीत आले आहेत ते असे : कामसू, चिवट, नेटाचा, बोलाचा पक्का, पोटात माया असलेली, आतल्या गाठीची, हाताची मोकळी, डोळ्यांत पाणी असलेला, खालमानी, वरमानी. 'वरमानी'वर वर्गात तास संपेपर्यंत भांडण झाले. निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरी ती शिवी आहे. एका मुलीच्या आजीने मात्र तो शब्द आपल्या नातीला कौतुकाने लावला होता. दोन्ही अर्थ लिहून ठेवले आहेत, कोणत्या गावचे तेही. वाचकांनी आपापल्या भागातले शब्द, कोण कुणाला म्हणते त्यासह, अवश्य कळवावेत.